सवतीचं खाचर

शर्वरी आगाशे नावाची बाई कधी जन्मालाच आली नाही. तिला मी जांबे गावात, आमच्या गच्चीवर, पाण्याची टाकी भरता भरता तयार केली.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या आहेत. हिंजवडीत कामाला जाणारी पोरं-पोरी राहतात. टँकर आला की पाइप वर ओढायचा, टाकीत सोडायचा आणि टाकी भरेस्तोवर राखण करत बसायचं, नाहीतर पाणी वाहून जातं आणि मग नवऱ्याचं तोंड वाहतं. त्या वेळात मी मोबाइलवर अंगठ्यानं लिहायचे. एक टाकी, एक भाग. माझे भाग आखूड का असतात यावर एका वाचकानं लांबलचक मत दिलं होतं, की लेखिकेला शब्दांच्या काटकसरीची जाण आहे. जाण कसली डोंबलाची, टाकी लहान आहे.

आधी मी माझ्याच नावानं लिहायचे. रेश्मा. खरं आडनाव, खरा फोटो, कपाळाला टिकली, मागं तुळस. कथांच्या एका ॲपवर पहिली मालिका टाकली तर खाली चारदोन अभिप्राय आले. ‘ताई, आधी शुद्धलेखन सुधारा.’ ‘भाषा फार गावठी वाटते.’ एकानं तर विचारलं, तुमचं शिक्षण किती? दहावी, म्हटलं. त्यावर त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि निघून गेला.

मग मी चिडून एक उद्योग केला. तीच मालिका, एक काना-मात्रा न बदलता, नव्या नावानं टाकली. शर्वरी आगाशे, प्राध्यापिका, कोथरूड. फोटोला एका भाडेकरू पोरीच्या खिडकीतली पुस्तकं आणि कॉफीचा मग. आठवड्याभरात लोक लिहायला लागले, ‘मॅम, बोलीवर काय पकड आहे!’ ‘किती वर्षं खेड्यात राहून अभ्यास केलात?’ रेश्माचा ‘न्हाई’ चूक होता, शर्वरीचा ‘न्हाई’ अभ्यास झाला. त्या दिवशी मी गच्चीवर एकटी हसले. नंतर रडले, पण ते असो.

वाचक जमवणं हे काही हवेतलं काम नाही. शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखं रोज थापावं लागतं. माणसं गोष्टीला येत नाहीत, सवयीला येतात. मी भाग टाकायचे तो संध्याकाळी, हिंजवडीच्या चौकात कंपन्यांच्या गाड्या अडकून पडायच्या वेळी. गाडीत बसलेला माणूस कंटाळलेला असतो, साहेबाच्या शिव्या खाऊन आलेला असतो, त्याला दुसऱ्याचं दुःख गोड लागतं. भाग तोडायचा तो दार वाजताना, फोन घेताना, थप्पड बसायच्या आधी. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. कुणाचं मूल आजारी, कुणाची बदली, कुणाची सासू, सगळं लक्षात ठेवायचं. जुन्या वाचकाचं नाव गोष्टीतल्या एखाद्या नर्सला, कंडक्टरला द्यायचं. तो माणूस मग जन्मभर तुमचा.

त्यातलीच ज्ञानदा. अमरावतीकडची, इकडं नोकरीला आलेली. तिनंच ‘शर्वरी परिवार’ नावाचा ग्रुप काढला. सकाळी तिथं फुलं यायची, संध्याकाळी माझी वाट पाहिली जायची. ज्ञानदानं एकदा तिच्या बाल्कनीतून काढलेला सूर्यास्ताचा फोटो टाकला, तेव्हा मला कळलं, ही तर आमच्या गच्चीसमोरच्या टॉवरात राहते. मी मान वर केली की तिची बाल्कनी दिसायची. तिला लिहिलं, ‘सुंदर! आमच्या कोथरूडला असं आकाश कुठलं!’

तर माझी पाचवी मालिका. नाव ‘हक्कसोड’.

हक्कसोड म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरीला माहीत असतं. बाप गेला की भाऊ बहिणीला गाडीत घालून पौडला नेतो, सरकारी ऑफिसात ती लिहून देते की वडिलांच्या जमिनीत मला काही नको. बदल्यात साडी, पेढे आणि माहेरचा उंबरा उघडा. पूर्वी जमिनीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा हे मायेचं होतं. आता डोंगरकुशीत फार्महाउसं उठली आहेत, तरी साडी तीच.

माझं माहेर पौडजवळचं रिहे गाव. आबा गेले, आई त्यांच्या आधीच गेलेली. धाकटा भाऊ इंद्रजित. त्यानं निरोप धाडला होता, ‘आक्का, दिवाळी झाली की पौडला जाऊ. पार्टी थांबलीया.’ पार्टी म्हणजे जमीन घेणारा. मी ‘बरं’ म्हटलं होतं. मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. सही द्यायची नाही हे पोटात होतं, तोंडात येत नव्हतं, म्हणून ते मी गोष्टीतल्या सगुणेच्या तोंडी घातलं.

आणि सगुणा पेटली. तिचा भाऊ साडी घेऊन येतो आणि ती म्हणते, ‘ही साडी तुझ्या बायकोला नेसव, आणि तिच्या भावांना विचार तिचं वावर कुठं गेलं.’ त्या भागाला वाचकांचा पूर आला. बायका आपापल्या सह्या सांगायला लागल्या. सगळ्यांत तिखट लिहायची ‘सोनचाफा’ नावाची एक. ‘सगुणे, मेलीस तरी सही करू नकोस. माझ्या भावांनी माझी अशीच घेतली. मी गाढव होते.’ मी तिला लिहिलं, ‘सोनचाफा, तुझ्यासारख्या वाचकांमुळेच लिहावंसं वाटतं.’ ते खोटं नव्हतं. तिचं वाचून माझ्या अंगात बळ यायचं. वाटायचं, एवढी माणसं पाठीशी आहेत, मी का भ्यावं?

मग माती खाल्ली ती अशी.

ज्ञानदानं विचारलं, ‘मॅम, गावाकडे शेतांना नावं असतात ना? सगुणेच्या शेताला नाव द्या ना, जवळचं वाटेल.’ मी गोष्टीत गाव बदललं होतं, नदी बदलली होती, भावाला मिशा लावल्या होत्या. पण शेताच्या नावाशी गाठ पडल्यावर मला दुसरं काही सुचेना. भाताच्या प्रत्येक खाचराला आमच्यात घरचं नाव असतं, ते सातबाऱ्यावर नसतं, तलाठ्याला ठाऊक नसतं. मला वाटलं, जे कागदावरच नाही ते कोण पकडणार? लिहून टाकलं. सवतीचं खाचर.

आमच्या पणजोबानं दुसरी बायको आणली. पहिलीनं भांडण केलं नाही, ओढ्याकडचं एक खाचर तोडून मागून घेतलं आणि सवतीला दिलं. म्हणाली, ‘माझ्या चुलीत तुझा वाटा नको, हे तुझं, पिकव आणि खा.’ बाईनं बाईला दिलेलं आमच्या भावकीतलं तेवढं एकच वावर. हे सगळं मी भागात लिहिलं. वाचक वेडे झाले. आणि मी विसरले, की आमच्या मुलखात कागदावर नसतं तेच घरोघर पाठ असतं.

तिसऱ्या दिवशी इंद्रजित आणि त्याची बायको वैष्णवी दारात उभे. हातात साडीची पिशवी.

“आक्का, ह्ये काय लिव्हलंस?”

“काय लिव्हलं?”

“आता येड पांघरून पेडगावला जाऊ नगंस. सवतीचं खाचर जगात एकच हाय. पार्टीच्या वकिलानं इचारलं मला, तुमच्या बहिणीचं काय लफडं हाय का म्हनून. गावातली पोरं मला बघून साडी नेसतो का इचारत्यात!”

माझ्याआधी बोलली ती वैष्णवी.

“वन्सं, मी रडले वो त्या सगुणेपायी. माज्या जावंला बसवून वाचून दावलं. मला काय ठावं, सगुणा म्हंजी तुमी आन त्यो हलकट भाऊ म्हंजी ह्ये!”

“हलकट?” इंद्रजित वळला.

“गोष्टीतला वो.”

“तू कवापासनं वाचतीस?” मी विचारलं.

“पैल्या भागापासनं. सोनचाफा मीच की. तुमी मला उत्तर बी दिलं हुतं, त्येचा फोटो काढून ठिवलाय.” आणि खरंच तिनं मोबाइल पुढं केला. डोळ्यांत कौतुक होतं.

“मग वैष्णवी, तूच लिव्हलंस ना? मेलीस तरी सही करू नकोस?”

तिनं मोबाइल पदराखाली घेतला.

“ती गोष्ट हुती वन्सं.”

“आन ही?”

“ह्यो माजा संसार हाय.” मग हळू, पण शब्द दातांखाली धरून म्हणाली, “माज्या भावांनी माजी सही घेतली तवा मला कुनी इचारलं? दिली मी. पेढा खाल्ला आन आले. तुमची येळ आली तर तुमी गोष्टी लिव्हताय. मला बी लिव्हता आलं आसतं तर मी बी लिव्हलं आसतं.”

तिचं खोटं नव्हतं. इंद्रजितचंही सगळं खोटं नव्हतं. तो म्हणाला, “मी राबलो त्या चिखलात, आक्का. ढोरागत. तू लगीन करून डांबरी रस्त्याला आलीस. आबांचं दुखणं मी काढलं. आन आता मी चोर?” म्हटलं, “चोर न्हाई. पन इचारायचं तरी हुतं, तू नुसतं सांगितलंस.” तो म्हणाला, “सही न्हाई तर माहेर न्हाई. भाऊबीजंला दुसरा भाऊ बघ.”

एवढ्यात कैलास, माझा नवरा, घरात आला. प्लॉट विकणाऱ्यांच्यात ऊठबस करणारा माणूस. लग्नापासून माझ्या लिहिण्याला ‘मोबाइल फोडीन एक दिवस’ एवढंच म्हणालेला. त्यानं पिशवी पाहिली, इंद्रजितचं तोंड पाहिलं, आणि सगळं ओळखलं. असल्या बाबतीत त्याचं नाक कुत्र्याचं आहे.

“काय मेव्हणं, च्या घेतला का? आन हिला लिव्हू द्या की. कलाकार हाय ती. कलाकाराला दाबू न्हाई.”

भावाला माझी सही हवी होती, नवऱ्याला माझा नकार हवा होता. मला काय हवं हे विचारायची गरज दोघांनाही नव्हती. इंद्रजित जाताना साडी खुर्चीवर ठेवून गेला.

मी माझ्या माणसांकडं गेले. म्हणजे ग्रुपवर. खरं लिहिलं. शर्वरी आगाशे कुणी नाही, मी रेश्मा, जांब्याची, दहावी शिकलेली, खोल्यांचा केर काढणारी. सगुणेची गोष्ट माझी आहे आणि मला आता पौडला जायचं आहे. तुम्ही इतके महिने सगुणेला सांगितलंत, आता मला सांगा. लिहिताना पहिल्यांदा मी भाग मधेच तोडला नाही, शेवटापर्यंत लिहिला.

आधी एकानं लिहिलं, ‘म्हणजे फोटोपण खोटा?’ दुसऱ्यानं, ‘जातीचा फायदा घ्यायला आडनाव घेतलंत, लाज वाटली पाहिजे.’ तिसरी म्हणाली, ‘मला आधीपासून शंका होती, भाषा कच्ची होती.’ एकीनं विचारलं, ‘पण मालिका पूर्ण करणार ना? पुढचा भाग कधी?’ आणि माणसं ग्रुपमधून गळायला लागली, भिंतीचा गिलावा गळावा तशी. इतके महिने एकेकाचं नाव धरून जमवलेली माणसं, माझ्या नावावर थांबायला तयार नव्हती.

ज्ञानदानं मात्र फोन केला.

“मॅम... म्हणजे, काय म्हणू आता?”

“रेश्मा म्हन.”

“तुम्ही आम्हाला फसवलंत हो. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्या प्राध्यापिका म्हणून.”

“गोष्ट तीच हाय ना, बाय?”

“गोष्ट तीच आहे. पण आता ती तुमच्या घरातली भानगड झाली ना. आम्ही साहित्य म्हणून वाचत होतो. कायद्याचं काही असेल तर वकील बघा, पण ग्रुपवर नको. लोक डिस्टर्ब होतात.”

“ज्ञानदा, मला तुजी बाल्कनी दिसती हितनं.”

आणि मी बोलून बसले, “माज्यासंगं पौडला येशील का? नुसती बाकड्यावर बसायला. काय बोलू नगंस.”

“वीकडेला मीटिंगा असतात हो. बघते, कळवते.”

बाल्कनीत कुणीतरी आलं, आत गेलं, पडदा ओढला गेला. तीच होती की शेजारीण, मला इतक्या लांबून कळलं नाही.

माझ्यातली हवा गेली. खरंच सांगते, मी इंद्रजितला फोन करून म्हटलं, ये गाडी घेऊन, देते सही. कुणासाठी भांडायचं? जिच्यामागं माणसं उभी होती ती बाई आता नव्हती, आणि जी उरली होती तिच्यामागं कुणी नव्हतं. मी इंद्रजितनं ठेवलेली साडी नेसले. मोरपंखी होती. गाडीत वैष्णवीपण होती.

पौडच्या त्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बायका बसल्या होत्या. कोण कशाला आलंय ते विचारावं लागत नव्हतं, नव्या साड्यांच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. भाऊ मंडळी बाहेर झाडाखाली वकिलांशी हसत होती. माझ्या शेजारी गंगूबाई म्हणून म्हातारी होती. म्हणाली, “बैस पोरी. लवकर उरकतंय. आंगठा दिला की फोटू काढत्यात. हसायचं नसतं त्यात.” तिची ही दुसरी खेप होती, उरलेल्या तुकड्यासाठी. “पैल्या येळंला लई रडले,” ती म्हणाली. “आता सवं झाली.”

तिला सह्यांची सवय झाली होती, आणि मी माझा अंगठा मुठीत दडवला. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

आत खुर्चीवरचा माणूस तरुण होता, कामानं पिचलेला. कागद पुढं सरकवले आणि त्याचं रोजचं विचारलं. “दस्त वाचलाय? मान्य आहे? स्वखुशीनं हक्क सोडताय? कुणाचा दबाव?”

इंद्रजित म्हणाला, “व्हय साहेब, सगळं घरचंच हाय.”

“तुम्हाला नाही, त्यांना विचारतोय,” तो म्हणाला आणि थांबला. कीबोर्डवरची बोटं तशीच वर, माझ्या तोंडाकडं बघत. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त उत्तर लागत होतं, म्हणून तो थांबला होता. पण मला प्रश्न विचारून आजवर थांबलं कोण होतं? आबा नाही, भाऊ नाही, नवरा नाही, परिवार नाही. सगळे उत्तर सोबत घेऊनच आले होते.

“न्हाई,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“स्वखुशीनं न्हाई. मी सही देत न्हाई.”

इंद्रजितनं माझा दंड धरला. त्या माणसानं कागद परत त्याच्याकडं सरकवले. “पुढचे घ्या,” म्हणाला. बस, एवढंच झालं. टाळ्या नाहीत, काही नाही. मागच्या माणसाला घाई होती, त्यानं मला कोपरानं बाजूला सारलं.

बाहेर इंद्रजित रस्त्यावर उभा राहून ओरडला, “आजपासनं तू मेलीस मला! ऐकतीस का? मेलीस!” झाडाखालचे भाऊ हसायचे थांबले आणि आपापल्या बहिणींकडं बघायला लागले.

वैष्णवी गाडीत बसता बसता मागं वळली. मी म्हटलं, “साडी पाठवून देते गं.”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “रंग मी निवडला हुता.” आणि दार ओढून घेतलं. तिच्या तोंडावर राग होता की आणखी काही, मला वाचता आलं नाही. एवढे भाग लिहिले, पण ते तोंड वाचता आलं नाही.

पौडहून मी वडापच्या जीपनं, मग रिक्षा करून घरी आले. कैलास दारातच हसत उभा. त्याला बातमी माझ्याआधी पोचली होती. आत दिग्विजयशेठ बसला होता, प्लॉट पाडून विकणारा, पायात पांढरे बूट, समोर आमच्या चांगल्यातल्या कपात चहा.

“शाब्बास!” कैलास म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. “आवं शेठ, ही माजी मंडळी. लेखिका हाय. आता हिच्या हिश्श्याचं वाटप मागून घिऊ कोर्टातनं, आन मग तुमी बघा जागा. ओढ्याकडचा तुकडा झ्याक हाय, फार्महाउसला.”

“ती इकायची न्हाई,” मी म्हटलं.

“आगं, आता काय आडचण? तुजाच हिस्सा.”

“माजाच. म्हनूनच इकायची न्हाई. तितं इंद्रायणी भात हुईल.”

कैलास शेठकडं बघून हसला. “कोन लावनार? तू, का ती आगाशेबाई?”

“मी. लगीन व्हायच्या आदी मीच लावत हुते. चिखल इसरला न्हाई मला.”

“माज्या घरात ऱ्हाऊन ही भाषा?”

“मग मागली खोली मोकळी हाय. लावा भाडं मला.”

दिग्विजयशेठ कप अर्धा ठेवून उठला. “घरातलं मिटवून घ्या आधी,” एवढं म्हणाला आणि बूट मळू न देता जपून निघून गेला. कैलास त्याच्यामागं गेटापर्यंत गेला, काहीबाही सांगत, हात चोळत. परत आला तो माझ्याकडं न बघता आत गेला.

भावाला नाही म्हणायला मला पस्तिशी उलटावी लागली होती. नवऱ्याला म्हणायला चहा निवायचाही वेळ लागला नाही.

त्या दिवसापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. रिह्यातून फोन येत नाही. बरं आहे. लिहायला शांतता लागते म्हणतात.